नोकरी सोडण्याआधीचा धंदा

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी १८९७ साली सोडली. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. मराठी उद्योगाच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार सांगितला जातो, आणि दर वेळी तो एका मानी माणसाने तडकाफडकी घेतलेल्या निर्णयासारखा वाटतो. सालांचा हिशेब मांडला की चित्र पालटते. बेळगावातल्या किर्लोस्कर बंधूंच्या सायकल दुकानाची सुरुवात १८८८ सालची धरली जाते. म्हणजे राजीनामा दिला तेव्हा धंद्याला नऊ वर्षे झाली होती. मान राखण्याची ऐपत त्या दुकानाने दिली होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

त्या काळच्या मराठी पांढरपेशा घरात मुलाच्या भवितव्याचा रस्ता ठरलेला असे. मॅट्रिक व्हावे, जमल्यास बी. ए. करावे, मग कचेरीत चिकटावे किंवा वकिलीची सनद घ्यावी. मुंबईतल्या कापड गिरण्या आणि मोठ्या पेढ्या बहुतांशी पारशी, भाटिया, गुजराती आणि युरोपियन व्यापाऱ्यांच्या हातात होत्या. मराठी माणूस तिथे कामगार, मुकादम किंवा कारकून म्हणून दिसे. या परिस्थितीचा विचार पुण्यात गांभीर्याने होत होता. महादेव बल्लाळ नामजोशी यांच्या खटपटीने १८८८ मध्ये तेथे औद्योगिक प्रदर्शन भरले. कागद आणि तांब्या-पितळेच्या पत्र्याचे कारखाने काढण्याच्या उद्योगातही नामजोशी पुढे होते. १८९० मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद झाली. शेतीवरचा भार कमी करायचा तर कारखानदारी वाढली पाहिजे, त्यासाठी भांडवल एकत्र यायला हवे आणि तंत्रशिक्षण मिळायला हवे, ही रानड्यांच्या अर्थविचाराची मुख्य सूत्रे.

हा विचार मोलाचा होता, पण तो देशाच्या पातळीवरचा होता. देशाला कोणते कारखाने हवेत हे त्यातून कळे. हाती पैसा नसलेल्या विशीतल्या तरुणाने आधी काय करावे, किती रक्कम अडकवावी, माल खपला नाही तर काय, याची उत्तरे परिषदांच्या ठरावांत मिळण्यासारखी नव्हती. ती ज्याची त्यालाच शोधावी लागत.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना. ओढ चित्रकलेची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे घरचे रामूअण्णा, त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे असे लक्षात आले की लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. रंगांधळ्या माणसाला चित्रकार म्हणून पोट भरता येणार नव्हते. त्यांनी रंगकाम सोडले आणि रेषेचे काम धरले. यंत्रांची रेखाटने करायला रंग ओळखावे लागत नाहीत, हात आणि नजर लागते. आणि ती दोन्ही त्यांच्याकडे होती.

व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ मध्ये सुरू झाली. तिथे यांत्रिक रेखाटन शिकवण्याची नोकरी लक्ष्मणरावांना मिळाली. या नोकरीचा खरा फायदा पगारापेक्षा मोठा होता. संस्थेच्या वर्कशॉपमधली यंत्रे त्यांना रोज हाताळायला मिळत, आणि यंत्रविद्येवरची अमेरिकन मासिके व पुस्तके वाचून ते स्वतःचे शिक्षण पुरे करत. आजच्या भाषेत ज्याला इंजिनिअर म्हणतात तशी पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. फावल्या वेळात त्यांनी शर्टाच्या गुंड्या आणि औषधाच्या गोळ्यांसाठी पुठ्ठ्याच्या डब्या करून पाहिल्या. त्यातून मोठे काही उभे राहिले नाही. पण पगार चालू असताना केलेला हा प्रयोग फसल्याने घर बसले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

सायकलीचा धंदा त्याच पद्धतीने सुरू झाला. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती आणि मुंबईत नुकतीच दिसू लागली होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला पाठवत. रामूअण्णा तिथे त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. विभागणी चोख होती. माल जिथे उपलब्ध तिथे एक भाऊ, गिऱ्हाईक जिथे तिथे दुसरा. बेळगाव जिल्ह्याचे ठिकाण असल्याने तिथे वकील, अधिकारी आणि छावणीतले लोक होते. सायकल घेण्याइतका पैसा बाळगणारे गिऱ्हाईक त्यांच्यातूनच मिळणार होते. गोदाम भरून माल ठेवण्याची गरज नव्हती. विक्रीबरोबर दुरुस्तीचे काम आपोआप येई, आणि दुरुस्तीतून हत्यारे, कसब आणि लोकांची ओळख या तिन्ही गोष्टी साठत गेल्या. धंदा छोटाच होता. तो तसा असण्यातच त्याचा उपयोग होता, कारण तो चुकांची किंमत कमी ठेवत होता.

राजीनाम्यानंतर लक्ष्मणराव बेळगावला आले आणि दोघे भाऊ एकत्र काम करू लागले. सायकलींच्या जोडीला पवनचक्क्यांची एजन्सी घेतली गेली. एजन्सीचा धंदा म्हणजे दुसऱ्याचा माल विकणे; त्यात नफ्याला मर्यादा असते. पण शेतकरी कशासाठी पैसे मोजतो आणि कशासाठी मोजत नाही, याचे शिक्षण त्यातून मिळते. यानंतर जी पहिली वस्तू बंधूंनी स्वतः बनवली ती कडबा कापण्याचे यंत्र.

ही निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्वारीचा कडबा पेंढीच्या पेंढी बैलापुढे टाकला की बैल पाला आणि कोवळा भाग खातो, जाड ताटे पायाखाली तुडवून टाकतो. तीच ताटे बोटभर तुकड्यांत कापली की जनावर सगळे खाते. चाऱ्याची टंचाई असलेल्या वर्षी हा फरक मोठा ठरतो, आणि देशावर अशी वर्षे पुष्कळ येत. १८९६ पासूनच्या दुष्काळांची आठवण तर ताजी होती. यंत्राची रचनाही सोपी: एक चाक, त्यावर पाती, एक मूठ आणि चारा पुढे सरकवण्याची पन्हळ. लहान कारखान्यात ते बनवता येत होते, आणि त्याचा फायदा गोठ्यात उभ्या असलेल्या कोणाच्याही डोळ्यांना एका मिनिटात दिसत होता. विक्रीसाठी व्याख्यानाची गरज नव्हती.

लोखंडी नांगराचे तसे नव्हते. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ चा. विलायती नांगर बाजारात येत होते. त्यांच्या धर्तीवर इथल्या जमिनीला मानवेल असा नांगर बनवण्याचा हा प्रयत्न होता. लाकडी नांगर जमीन फाडतो पण उलटत नाही. लोखंडी नांगराचा फाळ ढेकूळ कापतो आणि मागचा वळणदार पाट ते उलथे पाडतो. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांसारख्या खोल मुळांच्या तणांवर घाव बसतो. शेतीच्या दृष्टीने फायद्याबद्दल शंका नव्हती. तरीही पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

याचे कारण सहसा असे दिले जाते की लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती होती हे खरे. परंतु सगळा दोष त्या समजुतीवर टाकणे म्हणजे शेतकऱ्याला भोळा ठरवून मोकळे होणे आहे. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर दुरुस्त करून देई, आणि त्याचा मोबदला खळ्यावर बलुत्याच्या धान्यात मिळे. शेतकऱ्याच्या हिशेबात लाकडी नांगराला रोख किंमत जवळजवळ नव्हतीच. लोखंडी नांगराला मात्र रोकड मोजावी लागे, आणि ती वर्षातून थोडे दिवसच हाती असे. शिवाय ऐन नांगरटीत बिडाचा फाळ तुटला तर गावातला सुतार काय करणार? नवा फाळ बेळगावहून येईपर्यंत बैल दावणीला उभे राहणार. तेव्हा किर्लोस्करांची खरी स्पर्धा विलायती कंपनीशी नव्हती, ती बलुत्याशी होती. आणि अडचण श्रद्धेइतकीच सुट्या भागांची होती.

या दोन वर्षांत धंदा बुडाला नाही, कारण तो एकट्या नांगरावर उभा नव्हता. न खपलेला माल पाहत बसण्यापेक्षा नांगर सुधारण्यावर भर दिला गेला. ओतीव लोखंडाचा कस वाढवणे, झिजणारे भाग वेगळे काढून बदलता येतील असे ठेवणे, शेतात नेऊन नांगर चालवून दाखवणे, ही कामे चिकाटीने करावी लागली. एकदा शेजारच्या रानात नांगर चालताना पाहिला की पुढच्या मोसमात मागणी येई. शेतीच्या अवजारांच्या धंद्यात वर्षाला एकच मोसम असतो, म्हणून शिकायलाही वर्षाला एकदाच मिळते. दोन वर्षे ही मुदत कारखानदाराला लांब वाटते. शेताच्या दृष्टीने त्या फक्त दोन नांगरट्या होत.

नांगराचा जम बसू लागला तोच जागेचे संकट आले. बेळगाव शहराच्या नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. लक्ष्मणराव त्या सुमारास एका बांधकामाच्या कामानिमित्त औंधला होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि हाताने काम करणाऱ्या माणसाची कदर असणारे. त्यांनी संस्थानच्या हद्दीत जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ निवडला. सुमारे ३२ एकरांची ही जागा निवडुंगाने भरलेली आणि सापांनी गजबजलेली होती. पण माळाला लागून पुणे-मिरज लोहमार्ग जात होता. बीड आणि कोळसा आणायचा, नांगर आणि यंत्रे पाठवायची, तर लोहमार्गापेक्षा मोठी सोय दुसरी नव्हती. निवडुंग कापता येतो; रेल्वे आणता येत नाही. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन.

तिथे जमलेली माणसे पाहिली तर लक्ष्मणरावांची दुसरी पारख कळते. के. के. कुलकर्णी परीक्षांत कधी यशस्वी झालेले नव्हते. ते वाडीचे व्यवस्थापक झाले. शंभूराव जांभेकर इंजिनिअरचे काम पाहू लागले, मंगेशराव रेगे यांच्याकडे दप्तर आणि हिशेब आले, शालेय शिक्षण लवकर सुटलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ निघाले, आणि रामूअण्णांनी वसाहतीची आखणी व देखरेख सांभाळली. विद्यापीठाच्या मोजपट्टीने यांतले बरेच जण नापास ठरले असते. त्यांचा धनी स्वतः तसाच होता, म्हणून कदाचित त्याला ती मोजपट्टी वापरावीशी वाटली नसेल. रात्रीच्या पहाऱ्यावर तर तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली गेली, आणि ती नेमणूक यशस्वी ठरली.

याच काळात पैसा आधी जमवून धंदा मागून शोधण्याचा एक वेगळा प्रयोग महाराष्ट्रात चालू होता. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. जमलेल्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. काचेचा धंदा कठीण. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, माल वाहतुकीत फुटतो, आणि परदेशी मालाशी किमतीत टक्कर द्यावी लागते. देणगीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला हे सगळे पेलणे अवघडच होते. तरीही तळेगावला फुकट गेलेला प्रयत्न म्हणता येणार नाही, कारण तिथे तयार झालेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत कामाला गेले. शाळा म्हणून तो कारखाना चांगला होता.

काचेला घरगुती गिऱ्हाईक मिळवून दिले ते ओगले बंधूंनी. त्यांचा कारखाना १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ निघाला, तोही औंध संस्थानच्या हद्दीत आणि त्याच लोहमार्गावर. पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने दोन औद्योगिक वसाहती एकाच रेल्वेवर उभ्या राहिल्या, हा योगायोग नव्हता. छोट्या आणि विखुरलेल्या संस्थानाला उत्पन्नाची साधने हवीच होती. ओगल्यांची खरी ओळख झाली ती प्रभाकर कंदिलाने. वडिलांच्या नावाचा हा कंदील परदेशी कंदिलांच्या जागी गावोगाव पोचला. काच तीच, पण आता ती ज्या वस्तूत बसत होती ती प्रत्येक ओसरीवर टांगलेली होती, आणि तिची काच फुटली की दुसरी लागतच होती. नांगराच्या फाळाचे गणितही हेच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी माल येईनासा झाला आणि किर्लोस्करांच्या नांगराची मागणी वाढली. १९२० मध्ये भागीदारीचे रूपांतर ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीत झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची बातमी एजंट आणि गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्रक पुढे मराठीतले एक आघाडीचे मासिक झाले, आणि त्याच्यामागून ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके निघाली. ‘खबरे’चे महत्त्व साहित्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे, धंद्याच्या इतिहासात ते निराळ्या कारणाने आहे. नोकरीच्या वाटेवरच्या तरुणाला उद्योगाविषयी मराठीत वाचायला मिळणे, यंत्रे, जाहिरात, विक्री आणि यशस्वी माणसांची माहिती महिन्याला घरी येणे, ही नवी गोष्ट होती. मुंबईत सिडनम कॉलेज १९१३ मध्येच निघाले होते आणि वाणिज्याची पदवी तिथे मिळू लागली होती, पण ते इंग्रजीत आणि मुंबईत. सांगली-सोलापूरकडच्या मुलाला मासिक जवळचे होते. त्यात उत्साहाचा भाग बराच असे, तो काळही तसाच होता. परंतु ते एका चालू कारखान्यातून निघत असल्याने त्याच्या उपदेशामागे रोजची खतावणी होती.

पुढच्या पिढीची तयारी मात्र लक्ष्मणरावांनी आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने केली. स्वतः मासिकांवरून शिकलेल्या माणसाने मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. माधव तिथेच क्षयाने गेला. शंतनुराव १९२६ मध्ये यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परतले. त्या वेळी वाडीची यादी नांगर, कडबा कापणी यंत्र, उसाचा चरक, शेंगा फोडणी यंत्र अशी वाढलेली होती, आणि पंप व तेलावर चालणारी इंजिने यांचे काम त्याच सुमारास सुरू झाले. नांगराचे गिऱ्हाईक आणि पंपाचे गिऱ्हाईक एकच होते. ज्याने नांगर घेतला त्याला विहिरीचे पाणी उपसायला मोटेऐवजी काहीतरी हवे होते, आणि त्याचा पत्ता एजंटाकडे आधीपासून होता. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी सायकलीच्या दुरुस्तीतून जशी ओळख साठत गेली, तशीच ही ओळख आता इंजिनाच्या कामी आली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्याआधी दहा वर्षे, १९४६ मध्ये, पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगलोरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या होत्या. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या दशकांत खेडोपाडी वीज पोचली. तिने घरातला कंदील विझवला आणि विहिरीवर मोटर बसवली. प्रभाकर कंदिलाची मागणी आटत गेली आणि ओगल्यांचा कारखाना पुढे बंद पडला. किर्लोस्करवाडीत पंप अजून बनतात.